डुकरांचं डॉक्टर व्हायचंय, पण पैसे कोण देणार? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

"मॅडम, डुकरांवर थिसिस केला तर कुणी पैसे देतं का?" तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी हे विचारायला आली तेव्हा तिने आधी दार लोटून घेतलं. घरी अजून बोललेली नव्हती. कुत्र्या-घोड्यांवर काम करणाऱ्या मुलीचं घरात कौतुक होतं. डुकरांचं नाव काढलं की जेवता जेवता सगळे गप्प होतात. तिला तासभर जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते आहे, कारण दरवर्षी कुणीतरी हेच विचारायला येतं.

पैसे मिळतात. पण थोडे मिळतात, वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळतात, आणि क्रम चुकला तर हातचे जातात. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाईबैल १९ कोटींच्या वर होते आणि डुकरं साधारण ९० लाख. त्यातली २१ लाखांच्या आसपास एकट्या आसामात. आपल्याकडे डुकरं पाळणारी घरं बहुतेक भटक्या-विमुक्त आणि दलित वस्त्यांमधली. त्यांच्यामागे दूध संघासारखी संस्था उभी नाही आणि त्यांच्या जनावरासाठी कुणी मोर्चा काढत नाही. त्यामुळे या जनावरासाठी पैसा का द्यायचा, हे अर्ज करणाऱ्यालाच पटवून द्यावं लागतं. ते उत्तर डुकरांच्या शेडवर सापडतं. म्हणून माझा क्रम असा: थोडक्या पैशांत आधी शेडवर पंधरा दिवस काढा, तिथून प्रश्न घेऊन या, मग मोठे पैसे मागा. बहुतेक जण आधी योजनेचं नाव शोधतात आणि मग तिच्यात बसेल असा प्रश्न. तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावरच कळतं.

शेडवरचे पंधरा दिवस

बी.व्ही.एस्सी.ची पदवी साडेपाच वर्षांची आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, कुठेही शिकत असलात तरी गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्री हाताखालून भरपूर जातात. डुक्कर मात्र अनेकांच्या हाती पदवी मिळेपर्यंत चार-दोन वेळाच येतं. म्हणून इंटर्नशिपचं वेळापत्रक लागण्याआधीच संयोजक सरांकडे लेखी अर्ज द्या: अमुक दोन आठवडे वराह केंद्रावर. वेळापत्रक लागल्यावर गेलात तर ‘पुढच्या वेळी बघू’ हेच उत्तर मिळतं.

जायचं कुठे? गुवाहाटीजवळ राणी इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं (आयसीएआर) राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र २००२ पासून आहे. घुंगरू आणि हॅम्पशायर यांच्या संकरातली ‘राणी’ ही जात तिथलीच. वराहांवरचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७०-७१ पासून चालू आहे. खानापारा, जबलपूर, रांची, तिरुपती, काट्टुपाक्कम, मन्नुथी अशा ठिकाणी त्याची केंद्रं उभी राहिली. नागपूरकरांना जबलपूर एका रात्रीच्या अंतरावर. कोकणातल्या मुलांनी गोव्याचा विचार करावा. जुन्या गोव्याजवळ एला इथे आयसीएआरचं किनारी कृषी संशोधन संस्थान आहे, आणि ‘आगोंदा गोवन’ ही तिथली स्थानिक जात राष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेली आहे. मुंबईच्या मुलांना देवनारच्या कत्तलखान्यातला वराह विभाग जवळ आहे. फुप्फुसं, यकृत, आतडी रोज एका जागी ओळीने पाहायला मिळणं ही पॅथॉलॉजी शिकणाऱ्यासाठी मोठी संधी आहे.

तिथे गेल्यावर चार गोष्टी हाताने शिकूनच परता. वरच्या जबड्यात फास अडकवून मोठं जनावर धरणं. मानेच्या खालून मोठ्या शिरेतून रक्त काढणं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचं इंजेक्शन देणं. डुकरिणीच्या दुधात लोह फार कमी असतं आणि सिमेंटच्या शेडवर वाढणाऱ्या पिल्लाला मातीतूनही ते मिळत नाही, म्हणून ती पांढुरकी पडतात. आणि माज ओळखणं: पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला की माजावरची मादी कान ताठ करून जागच्या जागी उभी राहते, हलत नाही.

पाचवी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. सुती दोर घ्या, टोक थोडं उसवा आणि डुकरांच्या खांद्याच्या उंचीवर शेडमध्ये टांगा. डुकरं स्वभावाने चौकस. आधी एक येऊन हुंगतं, मग चावतं, मग सगळी येतात आणि वीस-तीस मिनिटांत दोर लाळेने जड होतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिळायचा आणि कोपऱ्यात जमलेली लाळ ट्यूबमध्ये घ्यायची. एका शेडमधल्या पंधरा-वीस जनावरांचा मिळून एक नमुना झाला. सुई नाही, आरडाओरडा नाही, जनावराला त्रास नाही. अमेरिकेत आयोवामध्ये ही पद्धत पक्की झाली आणि आता जगभर रोगांच्या पाहणीसाठी वापरतात. हातात पैसे कमी असलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली सुरुवात मिळायची नाही.

एक ताकीद मात्र देते. एका शेडवरून त्याच दिवशी दुसऱ्या शेडवर जाऊ नका. गमबूट स्वतःचे न्या, धुवा, जंतुनाशकात बुडवा. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग आपल्या देशात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत शंभरातली शंभर मरू शकतात. रोगाचं केंद्र सापडलं की भोवतालच्या एक किलोमीटरमधली सगळी डुकरं मारावी लागतात. आपल्या बुटाच्या तळव्यातून तो एखाद्याच्या घरात गेला तर त्या घराची वर्षभराची कमाई संपते.

या पंधरा दिवसांचे पैसे

खर्च किती? रेल्वेचं तिकीट, वसतिगृहाचं भाडं, जेवण, गमबूट, दोन ओव्हरऑल. साध्या राहणीत दहा हजारांच्या आसपास धरा. रक्कम लहान आहे, पण नेमकी इथेच मुलं अडतात. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या फीसाठी असतात, प्रवासासाठी नसतात. मोठ्या प्रकल्पांत विद्यार्थ्याच्या प्रवासाला वेगळी जागा नसते.

अमेरिकेतल्या वराहवैद्यांनी यावर फार शहाणा उपाय काढला आहे. आयोवातल्या पेरी गावात त्यांच्या संघटनेचं कार्यालय आहे. संघटनेचं वेगळं प्रतिष्ठान दरवर्षी सभासदांच्या देणग्यांतून आणि वार्षिक परिषदेतल्या लिलावातून पैसे जमवतं. त्यातून संशोधनाला अनुदान जातं, कर्जबाजारी तरुण डॉक्टरांना शिष्यवृत्ती मिळते, आणि किमान दोन आठवडे वराहांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला छोटीशी मदतही मिळते, दोनशे ते पाचशे डॉलरची. परिषदेत स्वतःचं काम मांडणाऱ्या विद्यार्थ्यांना बक्षिसं वेगळी. म्हणजे व्यवसायातली माणसंच पुढची पिढी घडवायला खिशात हात घालतात. वराहपालकही मागे नाहीत: १९८५ च्या कायद्याने तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डुकरावर एक छोटी पट्टी आहे. २०२३ पासून ती शंभर डॉलरमागे ३५ सेंट आहे. त्या पैशाचा एक भाग थेट संशोधनाला जातो.

आपल्याकडे अशी पट्टी नाही, आणि पारधी-वडार वस्तीतल्या माणसाकडून ती मागूही नये. पण माजी विद्यार्थ्यांचा निधी आपण उभा करू शकतो. हिशोब सोपा आहे. माजी विद्यार्थी संघटनेने दहा लाखांची मुदत ठेव केली आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सत्तर हजार येतात. दहा-दहा हजारांप्रमाणे सात मुलं दरवर्षी पंधरा दिवस वराह केंद्रावर जातील आणि मुद्दल तसंच राहील. शंभर माजी विद्यार्थ्यांनी दहा-दहा हजार दिले की दहा लाख झाले. संघटनेकडे आयकराची ८०जी मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणाऱ्याला करात सवलतही मिळते. हे वाचणाऱ्यांत नोकरीला लागून पाच-दहा वर्षं झालेले कुणी असतील तर त्यांनी आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर आजच विषय काढावा. एवढी कळकळीची विनंती आहे.

दुसरी वाट सीएसआरची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात, आणि त्याच्या परिशिष्टात प्राणिकल्याणही आहे आणि सार्वजनिक विद्यापीठांमधलं संशोधनही. औषधं, लसी, पशुखाद्य करणाऱ्या कंपन्यांकडे जाताना मात्र विद्यापीठाच्या नावाने जा, स्वतःच्या नावाने नको.

पदव्युत्तर आणि पीएच.डी.चं विद्यावेतन

इथे परिस्थिती बरीच बरी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. एम.व्ही.एस्सी.साठी आयसीएआरची अखिल भारतीय परीक्षा द्या. वरच्या क्रमांकांना कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळते, आणि आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिकायला जाणाऱ्यांना राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती. वराहांसाठी ही दुसरी फार कामाची, कारण आसाम, मेघालय, केरळला जाण्याचं कारणच मिळतं. विद्यापीठात पहिले आलात तर पीएच.डी.साठी इन्स्पायर छात्रवृत्ती पाहा. केंद्राच्या प्रकल्पांवरच्या जेआरएफचा (कनिष्ठ संशोधकाचा) दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि एसआरएफचा (वरिष्ठ संशोधकाचा) ४२ हजार आहे, घरभाडं वेगळं.

महाराष्ट्रातल्या मुलांनी राज्याच्या संस्था विसरू नयेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. तिघीही पीएच.डी.ला छात्रवृत्ती देतात आणि विषयाला अडवत नाहीत. परदेशी जायचं असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात वेळेवर पाहत राहा. ज्या वस्त्यांत डुकरं पाळली जातात तिथलीच मुलं या पैशांवर डुकरांचे डॉक्टर व्हावीत, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न कसा धरायचा

एक उदाहरण देते. क्लासिकल स्वाइन फीवरची लस कित्येक वर्षं सशांमध्ये विषाणू वाढवून केली जायची. एका सशापासून साधारण ५० डोस. देशाला वर्षाला दोन कोटींहून जास्त डोस हवेत आणि तयार व्हायचे जेमतेम १२ लाख. लस नाही म्हणून वस्तीतली डुकरं मरायची. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने देशातलाच विषाणू पेशींमध्ये वाढवून लस केली, ती २०२० मध्ये पुढे आली, आणि सशांचा प्रश्न सुटला. (ही संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.) या कामामागचा प्रश्न एका ओळीत मावतो: लस का पुरत नाही आणि ती ससा न मारता करता येईल का? तुमचाही प्रश्न एका ओळीत सांगता आला पाहिजे.

आणि नावं नीट लिहा. क्लासिकल स्वाइन फीवर आणि आफ्रिकन स्वाइन फीवर हे दोन पूर्ण वेगळे विषाणू आहेत. एकाची लस दुसऱ्याला उपयोगाची नाही. प्रस्तावात हा गोंधळ दिसला तर तपासणारा पुढे वाचत नाही.

माणसाच्या आरोग्याशी धागा असेल तर तो स्पष्ट दाखवा, कारण मग पैशाची आणखी दारं उघडतात. डुकरात वाढणारा जपानी मेंदूज्वर डासांमार्फत माणसाकडे येतो. विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत त्याची भीती खरी आहे. डुकरातला फीतकृमी माणसाच्या मेंदूत गाठी करतो आणि फिट्स येतात. २००९ मध्ये पुण्यात ‘स्वाइन फ्लू’ने जी घबराट झाली ती आठवा. तो माणसाकडून माणसाला पसरत होता, पण नावामुळे बदनाम डुक्कर झालं. आता नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ (‘एकच आरोग्य’) संस्थेची पायाभरणी झाली आहे (डिसेंबर २०२२). माणूस, जनावर आणि पर्यावरण एकत्र पाहणाऱ्या प्रकल्पांसाठी वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा सहकारी आजच शोधून ठेवा.

नमुने किती घ्यायचे? प्रत्येक थिसिसमध्ये ३८४ हा आकडा दिसतो. तो येतो निम्म्या जनावरांत रोग आहे असं धरून, पाच टक्के चुकीला जागा ठेवून. तुम्हाला रोगाचं प्रमाण मोजायचं असेल तर ठीक. पण रोग ‘आहे की नाही’ एवढंच पाहायचं असेल तर मोठ्या कळपात ५९ नमुने पुरतात: पाच टक्क्यांत रोग असेल तर ९५ टक्के खात्रीने एक तरी नमुना पॉझिटिव्ह येईल. ३८४ ऐवजी ५९ म्हणजे किती पैसे वाचले ते तुम्हीच मोजा. संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे प्रस्ताव लिहिण्याआधी जा.

कुणाकडे मागायचं

पहिला प्रकल्प विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून किंवा राज्यामार्फत मिळणाऱ्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून करा. रक्कम लहान असली तरी ‘मी घेतलेलं काम पुरं केलं’ हे कागदावर येतं. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग महाराष्ट्रातल्या प्रश्नांवरच्या कामाला पैसे देतो. त्यानंतर केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, आणि पूर्वीच्या ‘सर्ब’ या केंद्राच्या संशोधन मंडळाच्या जागी आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. तरुण शिक्षकांसाठी त्यांची वेगळी योजना आहे. रोगनिदानाच्या किटसारखी वस्तू करायची असेल तर बिराक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान पाहा, ५० लाखांपर्यंत मिळतं.

राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराहपालनाला ५० टक्के अनुदान मिळतं, १०० माद्या आणि १० नरांच्या प्रजनन केंद्राला ३० लाखांपर्यंत. ते उद्योजकासाठी आहे, संशोधनासाठी नाही. पण असं केंद्र जवळ उभं राहिलं तर त्या मालकाशी ओळख करा. तुम्हाला जनावरं हवीत, त्याला डॉक्टर हवा.

अंदाजपत्रक

नवख्याचा प्रस्ताव इथे घसरतो. एलायझा या रोगनिदान चाचणीच्या प्लेटला ९६ खण असतात. त्यातले चार-सहा कंट्रोलला जातात, उरले नव्वद. प्रत्येक नमुना दोनदा लावायचा असेल तर पंचेचाळीसच. म्हणजे दोनशे नमुन्यांना पाच प्लेट लागतील, दोन नव्हे. पहिल्या खेपेला दोन लिहिल्या आणि मंजूर झाल्या, तर उरलेले नमुने फ्रीजरमध्येच राहतात. वाहतूक, थर्माकोलची पेटी, बर्फाच्या पिशव्या, गाडीचं डिझेल हे सगळं धरा. मोठं यंत्र मागू नका. जवळच्या विभागात असेल तर त्यांचं पत्र जोडा.

वराहपालकासाठी एक ओळ हक्काने घाला. जंताचं औषध, पिल्लांना लोहाची इंजेक्शनं, क्लासिकल स्वाइन फीवरची लस. तो तुम्हाला सकाळी आठ ते अकरा वेळ देतो, तेव्हा त्याची मजुरी बुडते. ही ओळ आजवर माझ्या कुठल्याच प्रस्तावातून कुणी कापली नाही.

परवानग्या आणि मार्च महिना

जनावरावर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि मोठ्या प्राण्यांसाठी बऱ्याचदा केंद्राच्या सीसीएसईए समितीचीही. महिने जातात. माझा पहिला प्रस्ताव मंजूर झाला आणि समितीचं पत्र हातात नव्हतं म्हणून पहिला हप्ता आठ महिने अडला. तो आला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ३१ मार्चच्या आत खर्च करायच्या अटीवर. किट परदेशातून यायला सहा आठवडे लागणार होते. पैसे परत गेले. म्हणून आता विद्यार्थ्यांना सांगते: समितीचा अर्ज प्रस्तावाच्या आधी, खरेदीची तांत्रिक माहिती प्रस्तावाबरोबर तयार, आणि उपयोगिता प्रमाणपत्रासाठी (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) प्रत्येक पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी. थर्मल कागदावरची पावती सहा महिन्यांत कोरी होते.

आफ्रिकन स्वाइन फीवरचा संशय आला तर मेलेलं जनावर उघडू नका. लगेच तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि नमुन्याची तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते, आपल्या विभागात नाही.

निकाल हाती आले की जर्नलला पाठवण्याआधी ते शेडवर पोचवा. एका कागदावर, मराठीत: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, काय सापडलं, काय करायचं, पुढची लस कधी. मागच्या पावसाळ्यात असाच कागद एका बाईंनी पिशवीत घालून शेडच्या खांबाला बांधून ठेवलेला मी पाहिला. त्यावर त्यांच्या मुलाने पेनाने पुढच्या दोन विण्यांच्या तारखाही लिहिल्या होत्या.